पाय जमिनीला टेकतात का?

एखादी शिक्षिका मला गाठून म्हणते, "हा मुलगा एका जागी बसतच नाही, जरा बघ ना," तेव्हा मी वर्गात जाऊन पहिल्यांदा त्याच्या टेबलाखाली बघते. पाय जमिनीला टेकतात का? कंबर आणि गुडघे काटकोनात आहेत का? पाय लोंबकळत असतील तर धड सावरण्यातच मुलाची बरीचशी शक्ती खर्च होते. मग तो एक पाय दुमडून बुडाखाली घेतो, खुर्ची मागे झुलवतो, मधेच उभा राहतो. शिक्षिकेला दिसते ती चुळबूळ. मी मात्र ती त्याने स्वतःपुरती काढलेली सोय आहे असं धरून चालते, निदान तपासून होईपर्यंत तरी.

मी न्यू जर्सीत सरकारी शाळांमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे व्यवसायोपचार तज्ज्ञ आहे. लिहिणं, बटण लावणं, दप्तर भरणं अशी रोजची कामं मुलांना जमावीत यासाठीचा हा उपचार, थोडक्यात 'ओटी'. शिक्षण मुंबईत केईएममध्ये झालं, इथली परीक्षा आणि परवाना नंतर. तिकडच्या नातेवाइकांचे आणि मैत्रिणींचे मला सतत निरोप येतात: मुलाचं लक्ष लागत नाही, अक्षर भयंकर आहे, शाळेने 'ओटी लावा' म्हणून सांगितलंय, लावू का? फोनवर एवढं सगळं सांगता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आधी इथली पद्धत. अमेरिकेत १९७५ साली कायदा झाला की अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत त्याच्या गरजेनुसार मोफत शिक्षण मिळालंच पाहिजे. आज तो कायदा 'आयडिया' या नावाने ओळखला जातो. अपंगत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुबड्या आणि चाकाची खुर्ची येते, पण या कायद्यात वाचन-लेखन-गणितातली अध्ययन अक्षमता येते आणि ज्याला आपण एडीएचडी म्हणतो ती लक्ष न टिकण्याची अडचणही येते. आई-बाबांनी मुलाची तपासणी करा असं शाळेला लेखी पत्र द्यायचं. तोंडी बोलणं शाळेच्या फाटकापाशी विरून जातं, पत्र दिलं की तारीख लागते. न्यू जर्सीत पत्र मिळाल्यापासून वीस दिवसांत शाळेला बैठक घ्यावी लागते. पालकांनी तपासणीला लेखी संमती दिली की नव्वद दिवसांच्या आत तपासणी, पात्रतेचा निर्णय आणि मूल पात्र ठरलं तर त्याच्यासाठी आयईपी, म्हणजे त्याचा स्वतंत्र शिक्षण आराखडा, हे सगळं होऊन तो सुरूही व्हावा लागतो. बैठकीत पालकांना दुभाषी मागता येतो आणि त्याचे पैसे शाळा देते. आपली मंडळी संकोचाने 'नको नको, इंग्रजी येतं' म्हणतात. मी त्यांना आवर्जून सांगते, घ्या. मुलाबद्दलची नाजूक गोष्ट परक्या भाषेत अर्धवट समजून सही करण्यात काय भूषण आहे?

या आराखड्यात माझं काम 'पूरक सेवा' म्हणून येतं. नुसती ओटी हवी म्हणून आयईपी मिळत नाही, विशेष शिक्षणाची गरज आधी ठरावी लागते. ती ठरली नाही तर १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातल्या ५०४ क्रमांकाच्या कलमाखाली मुलाला वर्गात सवलती मिळू शकतात: परीक्षेला जास्त वेळ, हालचालीसाठी मधली सुट्टी, हाताने लिहिण्याऐवजी टाइप करण्याची मुभा. यातली कुठलीही गोष्ट मुख्याध्यापकांच्या मर्जीवर नसते. मुंबईत शिकत असताना मी पालकांना कायम हात जोडलेलेच पाहिले होते. इथे तीच आई फाइल उघडून 'हे आराखड्यात लिहिलंय, ते होत का नाही?' असं शांतपणे विचारते, आणि समोरच्यांना उत्तर द्यावं लागतं. मला या देशातलं सर्वांत जास्त काय आवडलं असेल तर ते हे.

सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. एका थेरपिस्टच्या वाट्याला दोन-तीन शाळा येतात. आराखड्यात आठवड्यातून एकदा तीस मिनिटं असं लिहिलेलं असतं आणि मुलाला वर्गातून आणण्यात-सोडण्यात त्यातली काही जातात. शाळेबाहेरच्या दवाखान्यात गेलं तर विमा किती सत्रांना मान्यता देईल याची झटापट सुरू होते. पैशावरून अडून बसलेली कुटुंबं इथेही पुष्कळ आहेत.

आता एका मुलाबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिसरीतला मराठी घरातला मुलगा, बोलण्यात चुणचुणीत, वाचन वयाच्या पुढे, पण वहीत तीन ओळी लिहून झाल्या की पेन्सिल टोक करायला उठायचा. मी त्याच्या शेजारी छोट्या खुर्चीवर बसून एक अख्खा लेखनाचा तास पाहिला. पेन्सिल चार बोटांनी आवळलेली, अंगठा वरून गुंडाळलेला. दाब इतका की पान उलटलं तर मागच्या बाजूने अक्षरं हाताला लागत होती. डावा हात मांडीखाली, त्यामुळे कागद सरकायचा, आणि तो सरकला की शब्द ओळ सोडायचा. फळ्यावरून उतरवताना तो एकेका अक्षरासाठी मान वर करत होता. बाकीची मुलं एका नजरेत दोन-तीन शब्द उचलतात. याला प्रत्येक वेळी फळ्यावरची जागा नव्याने शोधावी लागत होती, आणि तेवढ्यात खिडकीबाहेर गवत कापायचं यंत्र सुरू झालं की संपलंच.

बैठकीला आई-बाबांबरोबर आजीही आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी नाशिकहून. बराच वेळ ऐकून घेऊन त्यांनी मला मराठीत विचारलं, "अगं, हा घरी दोन-दोन तास लेगो खेळत बसतो. तेव्हा लक्ष लागतं ना? मग वहीपुढेच काय होतं? आळसच की हा."

खरं तर संबंध बैठकीतला हा सर्वांत चांगला प्रश्न होता. मी म्हटलं, "आजी, एडीएचडीत लक्ष नसतंच असं नाही. ते हवं तिथे, हवं तेव्हा वळवता येत नाही. लेगोचा ठोकळा बसला की लगेच 'टक' असं कळतं आणि हातात काहीतरी तयार होतं. लिहिताना याला काय सांगायचं ते आठवायचंय, स्पेलिंग आठवायचंय, अक्षर कुठून सुरू करायचं ते आठवायचंय, बोटं दुखतायत ते सोसायचंय आणि शेवटी बाई म्हणणार, पुन्हा लिही. तुमच्या-माझ्या हाताला अक्षर काढताना विचार करावा लागत नाही. याला अजून लागतो."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "याच्या बाबाचंही अक्षर असंच होतं. मी फार मारलंय गं त्याला." बाबा खाली बघत बसले होते.

लक्षाची अडचण आणि हाताची अडचण अशी जोडीने येणं अजिबात दुर्मीळ नाही. एडीएचडी असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना हालचालींच्या समन्वयाचाही त्रास असतो. बुटाची नाडी, शर्टाची बटणं, सायकल, चेंडू झेलणं, सगळ्यालाच उशीर. पण घरात चर्चा होते फक्त अक्षराची, कारण मार्क त्यावर जातात. इथल्या थंडीत ही गोष्ट फार लवकर उघडी पडते. जानेवारीत मैदानावर जायच्या आधी पहिलीतल्या मुलांना जाड कोटाची चेन स्वतः लावायची असते. वर्ग रांगेत उभा राहतो आणि एक मूल अजून चेनचं खालचं टोक खाचेत बसवत असतं. आपल्या घरांतून सात-आठ वर्षांच्या मुलांनाही कपडे घालून देतात, भरवतात. त्यामागे माया असते, हे मला ठाऊक आहे. तरी त्या रांगेतल्या मुलाचा चेहरा पाहिला की वाटतं, हे त्याला यायला हवं होतं. यासाठी आम्ही उलटीकडून शिकवतो: सगळं आपण करायचं आणि शेवटचा टप्पा त्याच्यासाठी ठेवायचा. चेन खाचेत बसवून अर्धी वर आणून द्यायची, उरलेली त्याने ओढायची. ते जमलं की त्याच्या आधीचा टप्पाही त्याच्याकडे. प्रत्येक वेळी काम पुरं होतं ते त्याच्या हातून, त्यामुळे तो पुन्हा करायला तयार होतो. नाडीलाही हेच.

त्या तिसरीतल्या मुलासाठी आम्ही सुरुवात केली ती सामानापासून. खुर्ची बदलली, पायाखाली एक खोकं ठेवलं. वही सपाट ठेवण्याऐवजी उताराच्या फळीवर, म्हणजे मनगट आपोआप योग्य कोनात येतं. फळ्यावरचा मजकूर छापून त्याच्या टेबलावर. गणितात त्याचे एकं-दहं एकमेकांत घुसायचे म्हणून चौकटींचा कागद दिला. (आपल्याकडे पहिलीपासून चौकटीची वही असते. इथल्या गणिताच्या बाईंना तिचं फार कौतुक वाटलं.) मग त्याला बसवून विचारलं, तुला स्वतःला यातलं काय सुधारायचंय? तो म्हणाला, "मला माझं लिहिलेलं नंतर वाचता आलं पाहिजे." हेच ध्येय धरलं. कॅनडात विकसित झालेली एक पद्धत आम्ही वापरतो. त्यात मूल आधी ध्येय ठरवतं, मग युक्ती ठरवतं, करून बघतं आणि युक्ती चालली का ते स्वतःच तपासतं. युक्ती आपण सांगायची नाही, प्रश्न विचारत राहायचं. त्याने काढलेली युक्ती होती, दोन शब्दांमध्ये करंगळीएवढी जागा सोडायची. मी सांगितली असती तर दुसऱ्या दिवशी विसरला असता.

वर्ष संपेपर्यंत त्याचं अक्षर काही मोत्यासारखं झालं नाही. पण त्याला ते वाचता येत होतं आणि बाईंनाही. लांब निबंध तो टाइप करू लागला. टाइप करू दिलं तर हाताने लिहायचा कंटाळा करेल अशी आईला भीती होती. मला विचाराल तर दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यातली गोष्ट बोटांपाशी अडकून पडण्यापेक्षा कळफलकावरून बाहेर आलेली कधीही चांगली.

थेरपीच्या नावाखाली जे विकलं जातं त्याबद्दलही लिहायला हवं. स्पर्श, तोल, हालचाल या संवेदनांचा मेंदू कसा मेळ घालतो याचा सिद्धांत कॅलिफोर्नियातल्या जीन एअर्स या व्यवसायोपचार तज्ज्ञांनी मांडला. त्यांचं पहिलं मोठं पुस्तक १९७२ सालचं. आमच्या क्षेत्राला त्यांनी फार दिलं. पण पुढे झोके, अंगावरून फिरवायचे ब्रश, वजनदार जाकिटं यांचा बाजारच उभा राहिला. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली स्पष्ट सांगितलं की अशा उपचारांच्या परिणामांवरचं संशोधन मर्यादित आहे आणि पालकांना तसं सांगावं. वजनदार जाकिटांनी लक्ष वाढतं याला तर भक्कम पुरावा नाही. मी स्वतः एखादी गोष्ट काही आठवडे करून बघते, आधी आणि नंतर मोजते, फरक नसेल तर सोडते. आणि एडीएचडीचं निदान किंवा औषध हा डॉक्टरांचा प्रांत आहे. ओटी चालू आहे म्हणून बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेलं औषध बंद करणारे पालक मला भेटतात, तेव्हा जीव कळवळतो.

तिकडच्या वाचकांना वाटेल, हे सगळं अमेरिकेत ठीक आहे. म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. मी राहते त्याच राज्यात माउंट हॉली नावाचं गाव आहे. तिथे १९०० साली एलिझाबेथ लंडी नावाची मुलगी जन्मली. ती भारतात आली, विष्णू निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाली, पुन्हा अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचार शिकली, आणि १९५० साली केईएममध्ये भारतातलं व्यवसायोपचाराचं पहिलं विद्यालय तिने सुरू केलं. १९५२ मध्ये व्यवसायोपचार तज्ज्ञांची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. फलटणच्या शाळेला, कमला निंबकर बालभवनला, त्यांचंच नाव आहे. ज्या विद्यालयात मी शिकले ते माझ्या आताच्या राज्यातल्या बाईंनी काढलेलं, हे मला इथे आल्यावर कळलं, आणि एका शनिवारी मी मुद्दाम गाडी काढून माउंट हॉली बघून आले.

म्हणजे ही विद्या महाराष्ट्रात सत्तर वर्षांहून जास्त काळ आहे. केईएम, शीव, नायर आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ती शिकवली जाते आणि तिथल्या बाह्यरुग्ण विभागात मुलांना तपासलंही जातं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती प्रमाणपत्रावर मिळतात, पण ते काढायला दहावीची वाट बघू नका. मूल तिसरी-चौथीत असतानाच पावलं उचला.

खासगी केंद्रात जाणार असाल तर तज्ज्ञांची राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत नोंदणी आहे का ते विचारा. जाताना शाळेच्या सगळ्या वह्या न्या, चांगल्या दिसणाऱ्या तेवढ्याच नव्हे. त्यांनी मुलाला लिहिताना, बटण लावताना, दप्तर भरताना प्रत्यक्ष पाहिलं का, की नुसते झोके दिले, याकडे लक्ष ठेवा. पुढच्या तीन महिन्यांत मूल नेमकं काय करू लागेल ते एका वाक्यात लिहून मागा. 'एकाग्रता वाढेल' हे चालणार नाही. 'फळ्यावरच्या पाच ओळी मदतीशिवाय उतरवेल' हे चालेल. काय जमलं की उपचार थांबवायचे हेही पहिल्याच भेटीत विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर पुढची सत्रं ठरवण्याआधी पुन्हा विचारा.