गुरूचे दर्शन

आमच्या नाशकात सध्या सगळ्या गैरसोयींना एकच कारण पुरते, ते म्हणजे सिंहस्थ. रस्ता खोदला आहे, कारण सिंहस्थ. रिक्षा लांबून वळसा घालते, कारण सिंहस्थ. ज्याच्यामुळे हे सारे चालले आहे, तो गुरू ग्रह मात्र 2026 च्या जानेवारीत रात्रभर आमच्या छपरांवरून सरकत होता आणि त्याच्याकडे मान वर करून पाहणारा क्वचितच कोणी दिसत होता.

गुरूची सूर्याभोवतीची एक फेरी 11.86 वर्षांत पुरी होते. म्हणजे एका राशीत साधारण वर्षभराचा मुक्काम, आणि असा हिंडत तो सिंह राशीत आला की रामकुंडावर वैष्णवांचे आणि त्र्यंबकला कुशावर्तावर शैवांचे आखाडे स्नानाला उतरतात. बारा वर्षांना जी थोडी कसर राहते ती साठत जाते. म्हणूनच हरिद्वारचा 2010 नंतरचा कुंभ अकराव्याच वर्षी, 2021 मध्ये भरला. लहानपणी घाटावरची गर्दी मला निव्वळ भाबडी वाटत असे. ती गर्दी एका ग्रहाची चाल पाळून जमते, हे ध्यानात यायला मला बरीच वर्षे लागली.

त्या जानेवारीत मी आईला बळेच गच्चीवर नेले. हवेत नाशिकची खरी थंडी होती, आणि शेजारच्या इमारतीचा दिवा आकाशाचा निम्मा भाग खाऊन बसला होता. आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि माझ्या लहानशा दुर्बिणीला डोळा भिडवला. बराच वेळ तिला स्वतःची पापणीच दिसत होती. मग ती एकदम गप्प झाली.

"हे बाजूचे ठिपके कसले?"

"त्याचे चंद्र. मोठे चार इथून दिसतात." 1610 च्या जानेवारीत गॅलिलिओने हेच चार ठिपके रोज रात्री जागा बदलताना पाहिले आणि सगळे काही पृथ्वीभोवतीच फिरत नाही हे त्याला उमगले, असे मी सांगू लागलो, पण आईचे लक्ष भलतीकडेच होते.

"चार चंद्र म्हणजे संकष्टी किती?"

सर्वांत आतला आयो पावणेदोन दिवसांत एक फेरी मारतो, हे मी सांगितले. "मग उपासच करत बसायचं की," असे म्हणून तिने पुन्हा डोळा लावला. तो प्रकाश गुरूकडून निघाला तेव्हा ती खाली पोळ्या लाटत होती, कारण त्याला इथवर यायला सुमारे 35 मिनिटे लागली होती. हे ऐकून तिने दुर्बिणीला नव्हे, तर थेट आकाशातल्या त्या ठिपक्याला हात जोडले. गुरुवारचा उपास ती लग्नाच्या आधीपासून करते, पण ज्याच्या नावाचा तो वार, त्याला तिने त्या रात्री पहिल्यांदा नीट पाहिले.

मी हात जोडले नाहीत, मला ते जमत नाही. पण पृथ्वीच्या अकरा पट रुंदीचा तो गोळा कोणी हाकत नसताना आपली वाट मिनिटभरही चुकत नाही, हे जाणवले की माझ्या मनात जे काही दाटून येते, त्याला देवाखेरीज दुसरे नाव मला अजून सापडलेले नाही.

दुसऱ्या रात्री मी न बोलावताच आई शाल घेऊन वर आली. डोळा लावून तिने मोजले.

"तीनच आहेत. एक कुठे गेला?"

"गुरूच्या मागे गेला असेल. येईल थोड्या वेळाने."

"किती वेळाने?"

"तासाभराने, कदाचित दोन."

तिने पाण्याच्या टाकीजवळची प्लास्टिकची खुर्ची ओढली, शाल कानांवरून घेतली आणि ती बसून राहिली.