'जग' आलं की मी काय विचारते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. टॅरोचं, म्हणजे भविष्य पाहायच्या चित्रांच्या पत्त्यांचं, २१वं पान, 'जग', निघालं की बाकीचे पत्ते वाचणारे यश सांगतात, प्रवास सांगतात. गोव्यात तर प्रवास म्हटलं की पोर्तुगीज पासपोर्टच डोळ्यांपुढे येतो. मी मात्र "तुमचं पाहून झालं का?" असं विचारते. हे कुठून आणलं, असं तुमचं म्हणणं.

सांख्यदर्शनातून, म्हणजे आपल्या सहा दर्शनांपैकी एकातून. त्यावरच्या ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिका या जुन्या श्लोकबद्ध ग्रंथातून.

माझ्याकडचा संच पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीचा, १९०९ साली लंडनमध्ये निघालेला. पानावर हिरव्या माळेच्या आत एक बाई नाचते आहे. दोन हातांत दोन छड्या, अंगाभोवती उडतं वस्त्र. चार कोपऱ्यांत माणूस, गरुड, बैल, सिंह. आमच्या वाड्यावरच्या ख्रिस्ती शेजारणीने ते पाहताक्षणी ओळखले: बायबलातल्या चार शुभवर्तमानकारांची चिन्हं, मत्तय, योहान, लूक, मार्क. चित्र त्या परंपरेतलं आहे, आणि टॅरो तर मुळात १५व्या शतकातले इटलीतले खेळायचे पत्ते. पानात आपल्या ऋषींचं रहस्य दडलंय असं मी कुणाला सांगत नाही, सांगूही नये. पण ती बाई पाहिली की मला ५९वी कारिका, म्हणजे श्लोक, आठवतेच: 'रङ्गस्य दर्शयित्वा निवर्तते नर्तकी यथा नृत्यात्.' प्रेक्षकांना दाखवून झालं की नर्तकी नाच थांबवते, तशी प्रकृती पुरुषाला स्वतःचं रूप दाखवून थांबते. पुरुष म्हणजे इथे पाहणारी जाणीव, बाईतली आणि बाप्यातली सारखीच. प्रकृती म्हणजे पाहिलं जाणारं सगळं; मन, बुद्धी, अहंकार, आपलं रडणं-रागावणंसुद्धा तिच्याकडे. इथे लोक अडतात. रडते ती मी नव्हे, तर कोण?

आमच्या देवळात काल्याला गावकऱ्यांचं नाटक व्हायचं. राजा वनवासाला निघाला की मी आईच्या मांडीवर हुंदके द्यायचे. राजा म्हणजे आपला मामा, हे ठाऊक असूनही. पहाटे मामा खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग पुसत बाहेर आला की रडं आपोआप थांबायचं. कुणी समजूत घातलेली नसायची. पाहून झालेलं असायचं.

मला सगळ्यांत प्रिय आहे ती ६१वी कारिका. तिथे ईश्वरकृष्ण 'मे मतिः', माझं मत, असं म्हणून सांगतो की प्रकृतीहून सुकुमार काही नाही. 'मी पाहिली गेले' एवढं कळलं की ती त्या पुरुषाच्या नजरेला पुन्हा पडत नाही. केवढं हळुवार लिहिलंय! संसाराला शिव्याशाप नाहीत, हाकलून देणं नाही. नीट पाहिलं की ती स्वतःच बाजूला होते.

डिचोलीहून एक बाई आल्या होत्या. पोर्तुगीज राजवटीत, १९६१पूर्वी जन्मलेल्या आजोबांच्या दाखल्यावर मुलाचे पोर्तुगीज पासपोर्टचे कागद झाले, मुलगा इंग्लंडला गेला. चार वर्षं त्या रोज रात्री दाबोळी विमानतळावरचा तो निरोप मनात पुन्हा पुन्हा पाहत होत्या. 'जग' निघालं. मी म्हटलं, "बाय, एकदा सगळं सांग. गाडीतून उतरल्यापासून." त्या सांगत गेल्या आणि मध्येच थांबल्या. "आत जाताना त्याने वळून पाहिलं होतं," म्हणाल्या. "हे मी विसरलेच होते." मग बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या.

पत्त्याने मोक्ष मिळत नाही. त्या दिवशी त्यांचं एकच दृश्य पूर्ण पाहून झालं, इतकंच मी म्हणेन. पण निघताना त्यांनी विचारलं, "आता मी काय करायचं?" त्याचं उत्तरही कारिकेत आहे, ६७व्या: कुंभाराने हात काढला तरी चाक काही काळ फिरत राहतं, तसं ज्ञान झाल्यावरही शरीर चालत राहतं. मी सांगितलं, रोजचंच करायचं. रात्री त्याचा फोन येईल, तो घ्यायचा. जेवलास का, म्हणून विचारायचं.