सायकलचं हेल्मेट घ्याले गेलो तर

आमची पोट्टी रोज सायकलनं आर्वीले शाळेत जाते, सीझनमध्ये कापसाच्या गाड्या पार अंगाले घासून जातात म्हणून म्हटलं हेल्मेट घेऊ. दुकानदारानं तीनशेचं काढलं, आतमधी ना स्टिकर ना काही, वरून म्हणे "आयएसआय पाहा ना भाऊ", पण हेल्मेटवरचा आयएसआय मार्क ज्या आयएस ४१५१ मानकाचा असते, ते तर मोटरसायकलच्या हेल्मेटचं हाय! सायकलसाठी युरोपचं ईएन १०७८ नाहीतर अमेरिकेचं सीपीएससी मानक पाहा लागते, त्यात हेल्मेट सपाट लोखंडावर आपटून पाहतात, सीपीएससीत २ मीटरवरून अन् ईएनमध्ये जवळपास दीड मीटरवरून. आतला थर्माकोलसारखा फोम दबून मार झेलते, म्हणून एकदा जोरात आपटलं का हेल्मेट बाद. मार्कवालं हजाराच्या वर सांगतलं, म्हणजे आमची दोन दिवसाची मजुरी, तरी घेतलं बाप्पा. पोट्टी म्हणते, वेणी बसत नाही त्यात.