राउटरची तात्पुरती नोंदवही

फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये शिरलं की बहुतेकदा १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी ॲड्रेस दिसतो. गंमत म्हणजे या घडीला असंख्य घरांत नेमका हाच आकडा कुणाच्या तरी फोनला मिळालेला असतो, आणि तरीही कुणाचं कुणाकडे जात नाही. कारण हा पत्ता उंबरठ्याच्या आतला. बाहेरच्या इंटरनेटवर त्याला कुणी विचारत नाही.

बाहेर चालतो तो राउटरचा पत्ता. समजा १९२.१६८.१.५ या फोनने ५११२० या पोर्टवरून, म्हणजे आपल्या त्या क्रमांकाच्या दारातून, एक पान मागितलं. राउटर त्या पॅकेटवरचा, म्हणजे माहितीच्या पुडक्यावरचा, पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून स्वतःचा घालतो, हवा तर पोर्टही बदलून ४०००१ करतो, चेकसम (पुडकं वाटेत बिघडलं का ते तपासायचा आकडा) नव्याने मांडतो आणि जाता जाता या अदलाबदलीची नोंद ठेवतो. ४०००१ वर उत्तर आलं, की नोंद बघून उलटी खाडाखोड. लॅपटॉपनेही त्याच वेळी ५११२० च निवडला असेल, तर त्याला दुसरा आकडा. पलीकडच्या वेबसाइटला मात्र या घरात एकच यंत्र आहे असं वाटत राहतं.

मला जास्त कौतुक वाटतं ते राउटरच्या विसरण्याचं. बराच वेळ हालचाल नसलेली नोंद तो बेधडक पुसून टाकतो. युडीपीच्या (आधी जोडणी न जुळवता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीच्या) नोंदी तर काही मिनिटांतच जातात. म्हणून चॅटची ॲप्स अधूनमधून एखादं फुटकळ पॅकेट पाठवत राहतात. बोलायचं काही नसतं, नोंद जिवंत ठेवायची असते. नोंद नसताना बाहेरून काही आलं, तर ते घरात कुणाला द्यायचं हेच राउटरला ठाऊक नसतं. मग तो ते टाकून देतो. लोक याला सुरक्षा म्हणतात. मला ते निव्वळ अज्ञान वाटतं. राखणीसाठी नको ती ये-जा अडवणारी फायरवॉल वेगळी लागतेच.

हा सगळा खटाटोप पत्त्यांच्या टंचाईपायी. जुना आयपी पत्ता ३२ बिटांचा, आणि ३२ बिटांत जेमतेम ४२९ कोटी पत्ते बसतात. १९९४ मध्ये ही युक्ती मांडली गेली ती तात्पुरता उपाय म्हणून. फेब्रुवारी २०११ मध्ये पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला. १२८ बिटांच्या पत्त्यांची नवी पद्धत, आयपीव्ही६, हाताशी आहे, पण तात्पुरता उपाय काही हलायला तयार नाही. उलट आता इंटरनेट पुरवणाऱ्या अनेक कंपन्या आपल्या बाजूलाही हीच पत्त्यांची अदलाबदल करतात. तेव्हा घरातला कॅमेरा बाहेरून दिसावा म्हणून पोर्ट फॉरवर्डिंगशी (राउटरच्या वहीत आपणच कायमची नोंद करण्याशी) झटापट करण्याआधी राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर पुढे कंपनीचीही एक नोंदवही आहे, आणि तिच्यात आपल्याला काही लिहिता येत नाही.