अमेरिकेत पायी पाहावीत अशी शहरे

अमेरिकेत मुलांकडे राहायला येणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींचा प्रवास बहुतेक वेळा ठरलेलाच असतो: नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि पश्चिमेला जाणे झालेच तर लास व्हेगास व ग्रँड कॅन्यन. या ठिकाणांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मोटारीतून उतरून फोटो काढण्याच्या आणि पुन्हा मोटारीत बसण्याच्या पद्धतीबद्दल. या देशातली बहुतेक शहरे मोटारीसाठीच वाढली आहेत हे खरे, तरीही काही शहरांत पायी, ट्रामने किंवा लोकल गाडीने फिरता येते आणि शहर कसे घडले हे रस्त्यावरच समजते. पाहुण्यांना सुचवताना मी हाच निकष लावतो. त्यात लॉस एंजेलिस आणि ह्यूस्टन गळतात, आणि त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही.

एकच शहर पाहायला वेळ असेल, तर मी न्यूयॉर्कऐवजी शिकागो सुचवतो. ऑक्टोबर 1871 मधल्या आगीत या शहराचा मध्यभाग जळून गेला. पुढच्या काही वर्षांत जमिनीचे भाव चढत गेले, उद्वाहन (लिफ्ट) आणि लोखंडी-पोलादी सांगाडा ही दोन्ही साधने हाताशी आली आणि इमारती आडव्या पसरण्याऐवजी उभ्या वाढू लागल्या. जगातली पहिली गगनचुंबी इमारत म्हणून जिचे नाव बहुधा घेतले जाते, ती 1885 सालची होम इन्शुरन्स बिल्डिंग इथलीच. ती 1931 मध्ये पाडली गेली. पुढचा सगळा इतिहास मात्र नदीकाठी उभा आहे. म्हणून वास्तुरचना समजावून सांगणारी नदीवरची नौकाफेरी चुकवू नये, तिकीट महाग वाटले तरी. त्या फेरीत नदीचीही गोष्ट कळते. शहराचे सांडपाणी नदीवाटे मिशिगन सरोवरात जाई आणि पिण्याचे पाणीही त्याच सरोवरातून येई, म्हणून 1900 मध्ये कालवा खोदून नदीचा प्रवाहच उलटा फिरवण्यात आला. 1973 मध्ये पूर्ण झालेला, 442 मीटर उंचीचा सिअर्स टॉवर, म्हणजे आजचा विलिस टॉवर, ज्यांच्या संरचनेवर उभा आहे ते अभियंते फझलुर रहमान खान मूळचे ढाक्याचे. नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना बांधून वाऱ्याचा जोर पेलण्याची त्यांची युक्ती इमारतीकडे खालून पाहतानाही ओळखू येते, कारण या नळ्या वेगवेगळ्या उंचीवर थांबतात.

तिथून मिशिगन अव्हेन्यूवरच्या आर्ट इन्स्टिट्यूटपर्यंत चालत जाता येते. सप्टेंबर 1893 मध्ये स्वामी विवेकानंदांचे सर्वधर्मपरिषदेतील भाषण याच वास्तूत झाले, आणि तिच्यासमोरच्या रस्त्याच्या एका भागाला त्यांचे सन्मानाचे नावही दिलेले आहे. आपली मंडळी बऱ्याचदा तेवढे पाहून परत फिरतात. असे करू नये. आतला चित्रसंग्रह अख्खा दिवस मागतो. शेजारच्या मिलेनियम पार्कमधले चकचकीत पोलादी शिल्प, ज्याला सगळे ‘बीन’ म्हणतात, ते मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे आहे. तिथे गर्दी असतेच, तेव्हा सकाळी लवकर जावे. मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. जानेवारीत सरोवरावरून येणारा वारा हौशी पर्यटकाची परीक्षा पाहतो.

न्यू ऑर्लीन्स ही अगदी वेगळी चीज आहे. फ्रेंचांनी 1718 मध्ये वसवलेल्या या शहराच्या जुन्या भागाला फ्रेंच क्वार्टर म्हणतात खरे, पण 1788 आणि 1794 च्या आगींनंतर तो पुन्हा उभारला गेला तेव्हा तिथे स्पेनची सत्ता होती. त्यामुळे तिथली आतले चौक असलेली घरे बरीचशी स्पॅनिश वळणाची आहेत. जवळच काँगो स्क्वेअर आहे. गुलाम म्हणून राबणारे आफ्रिकी लोक रविवारी तिथे जमून वाजवत आणि नाचत, आणि जॅझच्या मुळांचा शोध घेणारे त्या चौकापाशी येतातच. बर्बन स्ट्रीटवरचा रात्रीचा धांगडधिंगा मला रुचत नाही. संगीत ऐकायचे तर 1961 पासून चालणाऱ्या प्रिझर्व्हेशन हॉलच्या लहानशा खोलीत बाकावर बसून ऐकावे, किंवा फ्रेंचमेन स्ट्रीटवर फिरत ऐकावे. सेंट चार्ल्स अव्हेन्यूवरची ट्राम 1835 पासूनच्या मार्गावर धावते, आणि तिच्या खिडकीतून ओकच्या झाडांखालची जुनी घरे निवांत पाहता येतात. ऑगस्ट 2005 मध्ये कॅटरिना वादळात बांध फुटून शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला होता, हे ध्यानात ठेवून शहर पाहिले तर ते अधिक समजते. शाकाहारी मंडळींनी मात्र विचारून खावे: राजम्यासारख्या लाल घेवड्याच्या भातातही बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात.

न्यूजर्सीत उतरणाऱ्यांनी फिलाडेल्फिया टाळू नये. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि 1787 ची राज्यघटना ज्या इंडिपेंडन्स हॉलमध्ये मंजूर झाली तो आहेच, पण मराठी वाचकासाठी हे आनंदीबाई जोशींचेही शहर आहे. तिथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. जपान आणि सीरियातून आलेल्या सहाध्यायिनींबरोबरचे त्यांचे प्रसिद्ध छायाचित्र त्या संस्थेचा वारसा सांभाळणाऱ्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्यांच्या अस्थी मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, अमेरिकेत त्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीतल्या जागेत आहेत. मॅनहॅटनहून हडसनच्या काठाने जाणारी लोकल गाडी तिथे सुमारे दोन तासांत पोहोचते.

वॉशिंग्टनबद्दल एवढेच सांगतो की स्मिथसोनियनच्या संग्रहालयांना प्रवेशशुल्क नाही, म्हणून एका दिवसात चार संग्रहालये उरकण्याचा हव्यास धरू नये. सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्यांनी जुलै महिना असला तरी स्वेटर बरोबर घ्यावा, कारण समुद्रावरचे धुके भर उन्हाळ्यात गोल्डन गेट पूल झाकून टाकते. पूल नीट दिसावा अशी इच्छा असेल, तर सप्टेंबर-ऑक्टोबरची तिकिटे काढावीत.