एकाच गिअरवर क्लबबरोबर १०४ किलोमीटर

राईडच्या आदल्या संध्याकाळी मी आमच्या क्लबच्या राईड लीडर ताईंना मेसेज टाकला, "उद्या फिक्स्ड गिअर सायकल आणली तर चालेल का?" उत्तर टाइप करण्याऐवजी त्यांनी फोनच केला आणि तीन गोष्टी विचारल्या. ब्रेक किती आहेत? या सायकलवर एका दमात किती लांब गेला आहात? आणि उतारावर काय करणार? ब्रेक पुढेमागे दोन्ही होते, एकट्याने ८० किलोमीटर झाले होते. उताराबद्दल म्हणालो, "सगळ्यांच्या शेवटी उतरेन, सावकाश." "मग या," त्या म्हणाल्या. "पण सुरुवातीला मागेच राहा. तुमच्या चाकामागे कोणी नको."

ती अट मला तेव्हा थोडी जाचक वाटली. राईड संपेपर्यंत तिचं कारण पुरतं कळलं. फिक्स्ड घेऊन पहिल्यांदाच ग्रुपमध्ये जाणाऱ्यांना ते आधीच कळावं, म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी ही सायकल चालवलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या चाकाचा कॉग, म्हणजे दातेरी चक्र, थेट हबला (चाकाच्या मधल्या भागाला) जखडलेला असतो, पाय थांबले तरी चाक फिरू देणारं फ्रीव्हील मध्ये नसतं. चाक फिरतंय तोवर पेडलही फिरणार. पाय थांबवून सायकल नुसती पळू द्यायची सोय नाही. वेग वाढवायचा पायांनी आणि कमी करायचा तोही पायांनी, पेडलला उलटा जोर देऊन. एकट्याने चालवताना याचा आनंद फार मोठा आहे, रस्त्याचा प्रत्येक चढउतार तळपायाला कळतो.

गिअरबद्दल आधी सांगतो, कारण तो रस्त्यात बदलता येत नाही. पुढे ४६ दात, मागे १७. पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण ५.७ मीटर जाते. आमचा ग्रुप सपाटीवर ताशी २७-२८ किलोमीटरने जातो, म्हणजे मिनिटाला ७९ ते ८२ फेऱ्या. हा हिशेब घरी बसून नक्की करा आणि ग्रुपच्या नेहमीच्या वेगाला तुमचे पाय ८० ते ९० फेऱ्यांच्या आसपास येतील असा गिअर घ्या. मग दोन्ही टोकांना काय होईल तेही मांडून बघा. याच गिअरवर ताशी १२ ने चढताना फेऱ्या ३५ वर येतात आणि ताशी ४५ ने उतरताना १३० च्या पुढे जातात. दोन्ही आकडे आपल्या पायांना झेपतात का, हे एकटं असताना तपासा, ग्रुपमध्ये नव्हे.

निघण्याआधी चेन बघितली. चेनरिंग, म्हणजे पुढचं दातेरी चक्र, सहसा तंतोतंत गोल बसलेली नसते, त्यामुळे क्रँक (पेडलचा दांडा) फिरवताना चेन एका जागी घट्ट होते आणि दुसऱ्या जागी सैल. सर्वांत घट्ट जागीही किंचित खेळ राहील आणि सैल जागी ती लोंबणार नाही, इतकाच ताण ठेवायचा. साध्या सायकलची चेन पडली तर हात काळे होतात. फिक्स्डची चेन पळत्या सायकलवर पडली तर मागचं चाक जाम होऊ शकतं, आणि तेव्हा आपल्यामागे माणसं असतात. कॉगला जागेवर धरणारी बाहेरची लॉकरिंग उलट्या आट्याची असते, तीही घट्ट आहे ना बघा. मागच्या चाकाला नट असतील तर त्यांचा पाना, बहुतेक वेळा १५ मिलिमीटरचा, खिशात हवाच. तो नसेल तर पंक्चर झाल्यावर अख्खा ग्रुप तुमच्यापायी खोळंबतो. बुटांच्या नाड्या आत खोचा. पाय पेडलला क्लीटने (बुटाच्या तळाच्या खटक्याने) किंवा पट्ट्याने धरलेले असू द्या. जोरात फिरणाऱ्या पेडलवरून पाय निसटला तर तो परत ठेवणं अवघड असतं आणि पायांचा ब्रेकही गेलेला असतो.

सकाळी अठरा जण निघालो. पहिल्या दहा किलोमीटरमध्येच लक्षात आलं की ग्रुपमधली माणसं सतत छोट्या छोट्या विश्रांती घेत असतात. पुढच्याच्या फार जवळ आलं की दोन सेकंद पाय थांबवतात, अंतर पडलं की पुन्हा मारतात. मला ती मुभा नव्हती. अंतर सांभाळायचं तर पायांचा जोर आधीच कमी करावा लागे, त्यासाठी पुढच्याच्या चाकाकडे न बघता त्याच्याही पुढच्या तिघाचौघांकडे बघावं लागे. इतर जण पुढच्या चाकापासून एक हात अंतर ठेवत होते, मी एक सायकलभर ठेवलं आणि किंचित बाजूला राहिलो. थोडा वारा जास्त लागला, पण दर वेळी ब्रेक धरावा लागला नाही.

पहिल्या थांब्यावर माझ्याजवळून चालवणाऱ्या एका अनुभवी काकांनी जे सांगितलं, ते मला या राईडचं सर्वांत मोलाचं देणं वाटतं. ते म्हणाले, "तुझ्या सायकलचा आवाज येत नाही रे." पुढचा माणूस पाय थांबवतो तेव्हा त्याचं फ्रीव्हील कटकट वाजतं, पाय स्थिर दिसतात, आणि मागच्याला नकळत समजतं की वेग पडणार आहे. माझे पाय मात्र वेग वाढवतानाही फिरतात आणि उलटा जोर लावतानाही फिरतात. आवाज काहीच नाही. मागच्याला वाटतं हा मारतोच आहे, आणि तेवढ्यात त्याचं चाक माझ्या चाकाला भिडायला येतं. ताईंच्या अटीचा अर्थ तिथे उलगडला.

त्यानंतर मी वेग कमी करायच्या आधी दर वेळी "स्लो!" असं मोठ्याने म्हणायला लागलो, आणि मागे कोणी असेल तर हात खाली करून दाखवायलाही. पाय उलटे दाबतानाच मागचा ब्रेक हलका धरला तर ब्रेकवरची बोटं शेजारच्याला दिसतात, तोही एक इशारा होतो. संकोच वाटू देऊ नका, ओरडा. सगळ्यांना तेच हवं असतं.

खड्डे आणि गतिरोधक यांचंही वेगळं तंत्र आहे. दोन्ही पेडल आडवी धरून उभं राहणं इथे शक्य नाही, त्यामुळे पाय फिरतच ठेवून बूड सीटवरून किंचित उचलायचं. वळणावर आतलं पेडल खाली येतंच. सायकल जास्त कलली तर ते रस्त्याला घासून चाक उचललं जाऊ शकतं. माझा क्रँक १६५ मिलिमीटरचा, म्हणजे थोडा आखूड आहे, त्याचा फायदा होतो. तरी वळणात शिरण्याआधीच वेग कमी केला आणि सायकल फारशी कलू दिली नाही.

४० व्या किलोमीटरला समोरून वारा सुटला आणि तिथे ही सायकल शोभली. मी पुढे आल्यावर वेग एकसारखा राहिला, कारण गिअर बदलून उसळी मारायचा मोह नव्हता. मागच्यांनी मला नेहमीपेक्षा जास्त वेळ पुढे राहू दिलं. त्याचा मला खरोखर आनंद झाला.

मग चार किलोमीटरचा चढ. गिअरवाले हलका गिअर टाकून ताशी ११-१२ ने आरामात चढतात. मला त्या वेगाने चढणं जास्त जड जातं, पाय जवळजवळ थांबतात आणि गुडघ्यांवर भार येतो. म्हणून चढाच्या पायथ्याशी ताईंना सांगितलं, "मी पुढे जातो, वर थांबतो," आणि बाजूने निघालो. न सांगता असं पुढे गेलात तर लोकांना वाटेल शर्यत लावली. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला, म्हणजे चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवून गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, १९३७ साली परवानगी मिळाली, त्याआधीच्या स्पर्धकांनी मोठमोठे डोंगर गिअर बदलायच्या या सोयीविना ओलांडले. वरच्या वळणावर उभं राहून एकेक पेडल दाबताना त्यांच्याबद्दलचा आदर फार वाढला.

उतारावर ठरल्याप्रमाणे सगळ्यांना जाऊ दिलं आणि दोन मिनिटांनी निघालो. ताशी ३५ च्या वर जाऊ द्यायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. पुढचा आणि मागचा ब्रेक आलटून पालटून, पाय सैल. वेग हाताबाहेर गेल्यावर पायांनी रोखू म्हणाल तर ते जमत नाही, सायकल पायांना ओढून नेते. खाली पोहोचलो तेव्हा मंडळी सहा-सात मिनिटं थांबलेली होती. कोणी तक्रार केली नाही, कारण आधी सांगून ठेवलं होतं.

चूक झाली ती ८० व्या किलोमीटरला, अगदी सपाट रस्त्यावर. पाठ आखडली म्हणून ताणायला उठलो आणि जुन्या सवयीने पाय थांबवले. पेडलने मला सीटवरून वर फेकलं, सायकल डाव्या बाजूला हेलकावली आणि मागच्या मुलीला करकचून ब्रेक लावावा लागला. ती पडली नाही. मी तिची माफी मागितली आणि उरलेले २४ किलोमीटर सगळ्यांच्या मागे राहिलो. दमल्यावर शरीर नव्या सवयी आधी विसरतं. म्हणून आपली एकट्याची सर्वांत लांब राईड जिथे संपते, त्यापुढचं अंतर ग्रुपच्या शेपटालाच कापा. दोन्ही बाजूंना आटे असलेलं हब असेल तर दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील लावून ठेवा. पाय गेले की थांबून चाक उलटं बसवायचं आणि राहिलेली राईड सगळ्यांसारखी करायची. माझ्या हबला ती बाजू रिकामी होती.

परत आल्यावर ताईंना विचारलं, पुढच्या राईडला आणू का? त्यांनी रस्ता बघितला. मोठे उतार नाहीत, ९० किलोमीटर, चढ किरकोळ. "आणा," म्हणाल्या, "पण फ्रीव्हील लावून या." ते कालच बसवलं.