बंदूक किती दिवसांनी पुसायची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतरी गावात नवीन लायसन्स मिळालेला जो तो हेच विचारतो, महिन्यातून एकदा साफ केली की पुरे ना? आमच्याकडे सिंधुदुर्गात शेती संरक्षणाच्या बंदुका बऱ्याच घरात, माझ्याकडे वडिलांची बारा बोअरची दुनळी आणि आजोबांची ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची, आणि दोघींचं गणित वेगळं.

ठासणीची उडवली की त्याच दिवशी धुवायची, उद्या नाही. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढून घेते, रात्रभर तशीच राहिली तर सकाळी नळी आतून तांबूस. आजोबा आधी गज आत सोडून बघायचे, रिकाम्या नळीत तो किती जातो त्याची खूण गजावरच केलेली, गज वर राहिला म्हणजे आत बार भरलेला आहे. नळी रिकामी आहे अशी खात्री झाली की मगच साबणाचं कढत पाणी, चिंधी, परत पाणी, नळी इतकी तापायची की आपोआप सुकायची, मग तेल. काडतुसाची थोडी सोसते, तरी मी त्याच संध्याकाळी ब्रश मारतो.

पण खरी गंमत न उडवलेल्या बंदुकीची आहे. आपण वर्षाला दोनचार बार काढणार, तेही वानर हाकलायला हवेत, आणि बाकी वर्ष ती कोपऱ्यात, त्यामुळे वाटतं कशाला पुसायची. अहो, पावसाळ्यात दर आठ दिवसांनी काढून पुसा, एरवी महिन्याने चालेल, आणि कुणी हातात घेऊन बघितली की लगेच, कारण घामाच्या बोटांचे ठसे तसेच गंजतात. कव्हरमध्ये घालून ठेवू नका, कव्हर ओल धरतं. आणि खोबरेल तर नकोच, चिकट होतं, शिलाई मशीनचं तेल बरं.

एकदा ऑक्टोबरात मी दुनळी मागून उघडून उजेडाकडे धरली तर डाव्या नळीतून काहीच दिसेना. कुंभारीण माशीने आत मातीचं घर बांधलेलं! तसाच बार काढला असता तर नळी फाटली असती. तेव्हापासून काडतूस घालण्याआधी आरपार बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

2024 ला लोकसभेच्या निवडणुकीवेळी बंदूक पोलिसांकडे जमा केली ती परत मिळेपर्यंत पाऊस सुरू झालेला, चापाच्या आत गंज, घोडा अडकत होता. आता जमा करण्याआधी जाडसर तेल लावून देतो आणि आणली की आधी तपासणी, तोपर्यंत काडतूस दुसऱ्या खोलीत.

वर्षातून एकदा मात्र नीट बसून बघायचं, मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बसतो. नळीला पोचा आहे का, बिजागरी खिळखिळी झालीय का, स्क्रू ढिले आहेत का, दस्त्याला चीर गेलीय का. काडतूस बसतं त्या घराची लांबी नळीवर 65 लिहिलीय की 70 मिमी तेही बघा, 65 च्या घरात 70 चं काडतूस घालायचं नाही. शंका आली तर लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच, गावातल्या वेल्डरकडे नाही, प्लीज.

पूजेचं हळदकुंकू मी त्याच संध्याकाळी पुसून टाकतो. त्यावर दरवर्षी आईची बोलणी खातो, पण ओल्या कुंकवाखाली बोटाएवढा डाग एका वर्षी पडलाय, तो अजून गेलेला नाही.